बोरमाचीहून आणलेली रॅम

"हा कोण गो?" शमसुन्निसा चाचीनं विचारलं आणि हातातला फोटो हुमेराच्या टेबलावर ठेवून दिला.

हुमेरानं चष्मा लावून फोटो उचलला. फोटोत नवरा-नवरी उभे होते. नवऱ्याची कातडी दुधासारखी, नाक सरळ, ओठ गुलाबी. एखाद्या साबणाच्या जाहिरातीतला माणूस असावा तसा. नवरीचंही तसंच. दोघांचे डोळे मात्र कुठेच बघत नव्हते.

"चाची, हे तुम्ही आणि कमरुद्दीन चाचाच ना?"

"साडी माझी हाय. बाजूला उभाय तो माझा नवरा नाय," चाची ठामपणे म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं नाक डावीकडं वाकलेलं होतं. जहाजावर दोर लागून वाकलं होतं. हे ताबिशनं मोबाईलवर केलंन. म्हणतो, दादी, बघ कसा क्लिअर झाला. मी म्हटलं, बाबा, तू तुझ्या दादाला बदलूनच टाकलास."

ताबिश हा चाचीचा नातू. त्याचा हेतू वाईट नव्हता. पुराच्या वर्षी सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारात शिरलं तेव्हा चाचीच्या घरातली पत्र्याची ट्रंक दोन दिवस पाण्याखाली होती. आतले कपडे धुऊन वाळले, पण फोटोंचा अल्बम लगद्यासारखा झाला. कमरुद्दीन चाचांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि त्यांचा तेवढाच एक धड फोटो होता. जहाजावरचा माणूस, घरी राहिलाच किती, की त्याचे फोटो असतील!

त्या फोटोची एक प्रत हुमेराच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. पण ती उघडत नव्हती. फोल्डरमध्ये बोटाच्या पेराएवढं चित्र दिसायचं, त्यावर क्लिक केलं की आतला पंखा घरघरायला लागायचा, पडदा गोठायचा आणि बऱ्याच वेळानं एक चौकोन यायचा, मेमरी पुरेशी नाही म्हणून. शेवटी हुमेरानं त्या पेराएवढ्या चित्राचाच मोबाईलनं फोटो काढून ताबिशला पाठवला होता. त्याचं पुढे हे असं झालं.

"तुझ्याकडचा खरा हाय ना अजून?" चाचीनं विचारलं.

"आहे. पण उघडत नाही."

"मग उघड की. तू तर आख्ख्या मोहल्ल्याला कॉम्प्युटर शिकवलास."

एवढं बोलून चाची जिना उतरून गेली. हुमेरा तो साबणाच्या जाहिरातीतला नवरदेव हातात धरून बसली.

चाची म्हणाली ते खोटं नव्हतं. हुमेराचं माहेर पनवेलचं. लग्नाआधी तिनं तिथे कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तोही वडलांशी भांडून. लग्न होऊन महाडला आली तेव्हा सासरी कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. नवरा रऊफ सौदीत दम्मामला एका कंपनीत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या गोदामावर होता. वर्षा-दोन वर्षांतून महिनाभर यायचा. फोनवर बोलायचं तर बूथवर जायचं, काचेपलीकडे चार माणसं उभी, आणि मीटरचे लाल आकडे पळताना बघून घशातलं घशातच राहायचं. मग एका सुट्टीत रऊफनं कॉम्प्युटर आणला, त्यावर एक छोटा कॅमेरा बसवला, आणि परत गेल्यावर पहिल्या शुक्रवारी तो पडद्यावर दिसला. चेहरा तुकड्यातुकड्यांचा, ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. सासूबाईंनी पदर सावरला आणि पडद्याला हात लावून बघितला.

पुढच्या शुक्रवारी शेजारची आली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिच्या नणंदा आल्या. तिकडे शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे जुम्म्याची नमाज झाली की हुमेराच्या खालच्या खोलीत बायकांची रांग लागायची. कुणाचा नवरा कुवेतला, कुणाचा मस्कतला, कुणाचा मुलगा दोह्याला. कुणी नवीन बांगड्या दाखवायला आणायची, कुणी तान्हं पोर कॅमेऱ्यासमोर धरायची. एकीनं तर नवऱ्याला दाखवायला कच्च्या सुरमईचा तुकडा आणला होता, म्हणे, बघ, तू नसताना काय मासळी मिळते. हुमेरा प्रत्येकीला हेडफोन लावून द्यायची आणि स्वतः दाराबाहेर पायरीवर जाऊन बसायची, म्हणजे आतलीला मोकळेपणी रडता यावं. मध्येच लोडशेडिंग झालं की आतून एकच आवाज उठायचा, "हुमेरा गो, गेला तो!"

त्या बायकांपैकीच कुणीतरी म्हणाली, माझ्या मुलीला शिकव ना हे. अशानं क्लास सुरू झाला. 'फक्त महिलांसाठी' असा बोर्ड रंगवून घेतला, म्हणून मोहल्ल्यातल्या बापांनी मुली पाठवल्या. आणि तोच बोर्ड वाचून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधूनही मुली यायला लागल्या.

त्यात श्रुतिका होती. बोरमाची नावाची वाडी, पोलादपूरहून वर डोंगरात. बाप मुंबईत गिरणीच्या चाळीत राहून कुठेकुठे कामं करायचा, आई ठमाबाई नाचणी-वरीच्या शेतात. श्रुतिका पहाटे उठून डोंगर उतरायची, पोलादपूरला एसटी धरायची आणि महाडला यायची. पावसात येईपर्यंत निम्मी भिजलेली असायची. हुमेरा तिला आपली सुकी सलवार-कमीज द्यायची. ठमाबाईनं पहिल्यांदा लेकीला त्या कपड्यात बघितलं. दुसऱ्या दिवशी श्रुतिकाबरोबर नाचणीच्या पिठाची पुरचुंडी आली.

क्लास वाढला तसे कॉम्प्युटर कमी पडायला लागले. रऊफ सुट्टीवर आला तेव्हा मुंबईहून सुटे भाग घेऊन आला, कारण जोडलेले घेण्यापेक्षा घरी जोडलेले बरे, असं हुमेराचंच म्हणणं. खालच्या खोलीत चादर पसरून हुमेरा आणि श्रुतिका बसल्या. पुस्तकात बघून एक एक भाग लावत गेल्या. श्रुतिकाचे हात बारीक होते, स्क्रू तिनं लावायचे. दोन कॉम्प्युटर एकाच दिवशी उभे राहिले, सगळं सारखं, डबे सुद्धा एकाच रंगाचे. बटण दाबल्यावर दोन्ही सुरू झाले तेव्हा श्रुतिकानं टाळ्या वाजवल्या आणि मग लाजून तोंड झाकून घेतलं.

त्यानंतर कधीतरी स्कॅनर आला. सराव म्हणून हुमेरानं शेजारपाजारचे जुने फोटो मागून आणले होते, त्यात चाचीच्या लग्नाचाही होता. तो श्रुतिकाच्या वाट्याला आला. तिनं स्कॅनरमधला आकडा जितका वर जाईल तितका वर नेला, आणि स्कॅनर दुपारभर सरकत बसला. फाईल एवढी प्रचंड झाली की डिस्क भरल्याचा निरोप आला. हुमेरा तिच्यावर चिडली होती. "एका फोटोसाठी आख्खं कपाट अडवतात का गं?" श्रुतिकाला रडू आलं होतं. मग काहीतरी खोडून जागा झाली आणि ती फाईल तशीच मागे राहून गेली.

हे सगळं आठवत हुमेरा बसली होती. त्या वेळी जो गाढवपणा वाटला, त्याच फाईलमध्ये आज कमरुद्दीन चाचांचं वाकडं नाक शाबूत होतं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात दीपकच्या दुकानात गेली. दीपक मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा, पोरगा सरळ होता.

"मॅडम, तो डबा अजून आहे तुमच्याकडे?" त्याला हसू आलं. "म्युझियमला द्या. फोटो मी नवीन मशिनवर घेतो, दोन मिनिटांचं काम."

"फोटो घे तू, कॉपी करून ठेवच," हुमेरा म्हणाली. "पण काम मी माझ्याच मशिनवर करणार. माझं फोटो साफ करायचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं, आणि त्याची सीडी पुरात गेली. माझा हात त्यावर बसलेला आहे रे. नवीन शिकेपर्यंत चाची थांबणार आहे का?"

पुरात दीपकचंही दुकान गेलं होतं. हाताला सवयीचं हत्यार म्हणजे काय, ते त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं घरी येऊन फाईल एका छोट्या डिस्कवर उतरवून घेतली, आणि रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, ऑनलाईन मागवली. जुन्या कॉम्प्युटरमध्ये एकच पट्टी होती. तिच्या जोडीला मोठी पट्टी बसवली तर काम होईल, असं त्याचं म्हणणं.

पहिली पट्टी आली ती नंतरच्या पिढीची निघाली. या पट्ट्यांना खालच्या कडेला एक खाच असते, ती बोर्डावरच्या खाचेशी जुळली तरच पट्टी बसते. ही जुळेना. ती परत केली. दुसरी आली, खाच जुळली, बसली. बटण दाबलं आणि कॉम्प्युटरनं लांब शिटी मारायला सुरुवात केली, थांबेचना. पट्टी काढून, खोडरबरानं तिच्या कडेचे सोनेरी दात घासून पुन्हा लावली. पुन्हा शिटी. दम्मामची नोकरी सोडून केव्हाच घरी राहायला आलेला रऊफ खालून ओरडला, "अगं, कुकर बंद कर!"

"मॅडम, हा माल आता बनतच नाही," दीपक म्हणाला. "जे येतं ते कुठल्या भंगारातून उचकटलेलं असतं. तुमच्या क्लासचे बाकीचे कॉम्प्युटर कुठे आहेत?"

कुठे असणार? खालच्या खोलीत होते ते सगळे. पुराच्या रात्री हुमेरा आणि रऊफनं फक्त एक माडीवर नेला, कारण तो हुमेराच्या कामाचा होता आणि पाणी पायऱ्या चढत होतं. बाकीचे चिखलातून काढले तेव्हा त्यांच्या आतून गाळाचे लोंढे आले. नगरपालिकेच्या ट्रॅक्टरनं ते गाद्या, धान्य, फ्रीज यांच्या ढिगाबरोबर उचलून नेले. त्या दिवशी सगळं महाडच रस्त्यावर येऊन पडलं होतं, त्यामुळे हुमेरानं कॉम्प्युटरसाठी रडावं असं काही उरलं नव्हतं. क्लास मात्र पुन्हा सुरू झाला नाही. मुलींच्या हातात मोबाईल होते, शिकायला आता कोण येणार?

दीपकला खाली सोडून जिना चढताना तिला एकदम आठवलं. एक कॉम्प्युटर पुराच्या आधीच घरातून गेला होता. श्रुतिकाचं लग्न ठरलं तेव्हा दोन जुळ्यांपैकी एक तिला आहेर म्हणून दिला होता; दुसरा तो हा माडीवरचा.

तिनं फोन लावला. श्रुतिका आता बदलापूरला असते, एका लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करायचं काम करते.

"मॅडम!" पलीकडून तोच आवाज आला, फक्त जरा जाड झालेला. "कॉम्प्युटर ना? तो बोरमाचीला आहे आईकडे. इथे खोलीत आम्हालाच जागा नाही. लग्न ठरल्यापासून होईपर्यंत मी पोलादपूरला टायपिंग करायचे तेव्हा त्यात रॅम वाढवून घेतली होती, दोन मोठ्या पट्ट्या आहेत. पण मॅडम, आईला विचारावं लागेल. तिनं त्याचं काय करून ठेवलंय ते तुम्ही बघाच. मी मे महिन्यात पोरांना घेऊन जातेय. तुम्ही या."

मे महिन्यात, भर उन्हाची हुमेरा निघाली. पर्समध्ये आपल्या कॉम्प्युटरची पट्टी कागदात गुंडाळून घेतली होती, खाच जुळते का बघायला. पोलादपूरपर्यंत एसटी, तिथून मिनिडोर रिक्षा. हायवे इतका रुंद झाला होता की कुठलं वळण कुठे गेलं तिला कळेना. मिनिडोरवाल्यानं मात्र जुन्या रस्त्यानंच वर नेलं. करवंदांच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. एके काळी श्रुतिका हा सगळा डोंगर पायी उतरून येत होती, आणि आपण तिला पाच मिनिटं उशीर झाला म्हणून बोलायचो, असं हुमेराच्या मनात येऊन गेलं.

ठमाबाई अंगणातच उभी होती. केस पांढरे झालेले, पाठ मात्र ताठ.

"आलीस गो हुमेराबाय," तिनं हुमेराचे दोन्ही हात धरले. "किती वाळलीस! पुराची बातमी आली तवा मी पोरीला म्हटला, आधी मॅडमला फोन लाव. लागतच नव्हता."

पाणी झालं, कोकम सरबत झालं. मग श्रुतिकानं आतल्या खोलीचं दार उघडलं. कोपऱ्यात एका उंच पाटावर कॉम्प्युटर ठेवलेला होता. अंगावर जुनं धुतलेलं नऊवारी पांघरलेलं, आणि वरून वाळक्या झेंडूची माळ.

"आई दर दसऱ्याला घालते," श्रुतिका हळूच म्हणाली. "विळा, कोयता, पाटा आणि हा."

हुमेरानं आपलं येण्याचं कारण सांगितलं. शमसुन्निसा चाचीचं, फोटोचं, पुराचं. ठमाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी याच्या पोटातला काढनार?"

"आई, नुसत्या दोन पट्ट्या गं," श्रुतिका म्हणाली.

"तू गप. मी मॅडमला इचारते. काढल्यावं हा चालंल?"

हुमेरा खोटं बोलू शकली असती. "नाही चालणार," ती म्हणाली. "मेमरी नसली तर तो सुरूच होत नाही."

"मंग नको." ठमाबाईनं लुगडं पुन्हा सारखं केलं. "ह्याच्यावं माजी पोरगी मानसात आली. वाडीतली कुटची पोर तवा महाडला जाऊन शिकली, सांग मला. लोक म्हनायचे, ठमे, पोरीला एसटीत एकटी सोडतंस. मी सोडली. ह्यो घरात आला तवा त्याच लोकांला मी बोलवून दावला. चालत नसंल, कुनी लावत नसंल, पन हाय तो जिता. मरंल असा काय करू नका."

बाहेर श्रुतिकाची पोरं करवंदांवरून भांडत होती. हुमेराला ठमाबाईचा राग आला नाही. उलट तिला आपल्या माडीवरचा कॉम्प्युटर आठवला. दीपकनं म्युझियम म्हटल्यावर आपल्यालाही असंच कुठेतरी लागलं होतं.

मग तिनं पर्स उघडली आणि कागदातली पट्टी काढली.

"ठमाबाई, ही माझ्या कॉम्प्युटरची. त्या दोन मी नेते आणि ही याच्यात लावते. हा जरा हळू चालेल, पण चालेल. तुमच्यासमोर चालू करून दाखवते. नाही चालला तर आहे तसं परत लावून मी रिकाम्या हातानं जाते."

ठमाबाईनं पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली. "तुजी ही?"

"माझीच. पहिल्यापासूनची."

"मंग बदली झाली म्हन की. लाव."

श्रुतिकानं पडवीतून स्क्रूड्रायव्हर आणला आणि खाली मांडी घालून बसली. डब्याचं एक अंग काढलं तेव्हा आत धुळीचा गालिचा आणि कोळ्याचं जाळं. दोघींनी जुन्या रंगाच्या ब्रशनं आणि फुंकरा मारून ते साफ केलं. श्रुतिकानं खटके बाजूला दाबले, पट्ट्या आपोआप वर आल्या. हुमेराची पट्टी तिनं खाच बघून ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खट् आवाज आला. तिचे हात अजूनही तसेच बारीक होते, फक्त आता त्यांना हळदीचा आणि लॅबच्या साबणाचा वास होता.

"मॅडम, तेव्हा मला स्क्रूच लावायला द्यायचात. पट्टी तुम्ही लावायचात," ती हसून म्हणाली.

"तेव्हा मला भीती वाटायची, तू मोडशील म्हणून."

"मला पण वाटायची."

विजेचा दाब कमी होता, घरातला पंखा बंद करावा लागला. बटण दाबलं. एक छोटीशी टुक झाली, पंखा आधी अडखळला, मग फिरायला लागला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली, तारीख कुठल्या तरी जुन्या सालातली, आणि मग हिरवी टेकडी, निळं आकाश. ठमाबाईनं दोन्ही हात जोडले. मग पडद्याच्या जवळ जाऊन म्हणाली, "हां. हाय जिता." आणि सरळ चुलीकडे गेली, कारण मॅडमला जेवल्याशिवाय सोडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरांना आजीकडे ठेवून श्रुतिका महाडला आली. कितीतरी वर्षांनी ती तो जिना चढली. खालच्या खोलीच्या दारात ती क्षणभर थांबली. भिंतीवर छातीच्याही वर पुराच्या पाण्याची रेघ अजून होती, आणि जिथे टेबलं असायची तिथे रऊफची सायकल लावलेली.

वर दोघींनी मिळून पट्ट्या बसवल्या. या खेपेला अंगठे श्रुतिकाचेच. शिटी वाजली नाही. खालून रऊफनं विचारलं, "कुकर झाला का?" आणि दोघी हसत सुटल्या. चार जीबी लावले, त्यातले तीन आणि वर थोडे दिसले. जुन्या विंडोजला तेवढेच समजायचे. हुमेरानं फाईलवर क्लिक केलं. पंखा घरघरला. पडदा गोठल्यासारखा झाला. मग वरून खाली, पडदा सरकवावा तसा, फोटो उतरत आला. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, कुंडी, मग केस, मग कपाळ, मग डावीकडे वाकलेलं नाक.

"हेच मी स्कॅन केलेलं?" श्रुतिकानं विचारलं. "ज्याच्यावरून तुम्ही मला ओरडला होतात?"

"हेच. बरं झालं माझं ऐकून तू ते खोडलं नाहीस."

त्या दुपारी आणि पुढच्या काही दुपारी हुमेरा त्या फोटोवर बसली. श्रुतिका दुसऱ्या दिवशी बोरमाचीला परत गेली होती. हुमेरा भिंग लावल्यासारखं एकेका जागी मोठं करायची आणि डाग, चिरा, बुरशीचे ठिपके माऊसनं टिपून काढायची. चाचांच्या शर्टाची घडी. हातातलं घड्याळ, जे बहुतेक मागून आणलेलं होतं, कारण पट्टा ढिला दिसत होता. अशी एकेक जागा साफ करत ती नवरीच्या चेहऱ्याशी आली आणि थांबली. उजव्या डोळ्याखाली एक बारीक रेघ होती, गालापर्यंत आलेली. कागदाची चीर असेल तर पुसायला हवी. पण कडा मऊ होत्या आणि रेघेच्या टोकाला उजेडाचा एक थेंब होता. हुमेरानं ती कितीदा तरी मोठी करून बघितली. आपल्या पाठवणीच्या वेळचं पनवेलचं दार तिला आठवलं. तिनं ती रेघ तशीच ठेवली.

प्रिंट दीपकनं चांगल्या कागदावर काढून दिली. हुमेरा चाचीकडे निघाली होती, पण चाची स्वतःच जिना चढून आली, दर पायरीला अल्लाचं नाव घेत.

खुर्चीवर बसून तिनं प्रिंट मांडीवर घेतली. आधी नवऱ्याकडे बघितलं. नाकावरून बोट फिरवलं. "हा. हा माझा," ती म्हणाली. मग तिची नजर बाजूला गेली आणि तिथेच राहिली.

"चाची, डोळ्याखाली ते..." हुमेरा चाचरली. "मला वाटलं, तुम्ही रडत होतात. म्हणून मी पुसलं नाही."

चाचीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. तिचे खांदे हलायला लागले. हुमेरा घाबरून उठली, तर चाची हसत होती.

"रडत होते गो, पण घर सुटलं म्हणून नाय. तुझ्या चाचानं माझ्या पायावर पाय दिलानी होता! नवे बूट. जहाजावर अनवाणी फिरणारा माणूस, त्याला बुटात पाय कुठं पडतो ते कळत नव्हतं. आणि फोटोवाला म्हणाला, हलू नका, हलू नका. मी कशी हलणार? नवी नवरी. पाणी आलं डोळ्यांतून, पण हलले नाय."

"मग चाचांना सांगितलंत?"

"लग्न होऊन मुलं झाली तवा सांगितलं. म्हणाला, खोटं बोलतेस. मरेपर्यंत म्हणत होता, खोटं बोलतेस. तो बूट दिसतो का गो याच्यात?"

प्रिंटमध्ये पायाशी साडीची किनार आणि अंधार होता. हुमेरानं कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि खालचा कोपरा मोठा केला. अजून मोठा केला. पंखा घरघरला, पण चित्र आलं. साडीच्या काठाखालून एक नाजूक चप्पल जेमतेम बाहेर डोकावत होती, आणि तिच्यावर काळ्या बुटाचं चकचकीत टोक.

चाचीनं खुर्ची पुढे ओढली. "बघ," ती पडद्यातल्या माणसाला म्हणाली. "बघ, कोण खोटं बोलत होतं!" आणि मग हुमेराकडे वळून तिनं त्या दिवसाचं सगळं सांगायला घेतलं. वरात कुठून निघाली, फोटोवाल्यानं काय पावडर लावली, घरी आल्यावर सुजलेला पाय सासूपासून कसा लपवला. हुमेरानं खाली रऊफला हाक मारून दोन कप चहा वर पाठवायला सांगितलं आणि खुर्ची फिरवून चाचीकडे तोंड करून बसली.